सव्वा ते दोन

लातूरला मी ज्यांच्या माडीवर तीन वर्षं भाड्यानं राहिले, त्या आप्पांचा मोबाइल दुपारी सव्वा ते दोन या वेळात कुकरमध्ये असायचा. विक्रीला ठेवलेल्या पाच लिटरच्या नव्याकोऱ्या कुकरमध्ये. झाकण फिरवून घट्ट लावलेलं, वर शिट्टीसुद्धा बसवलेली. त्या वेळात कुणाचा फोन आला, की कुकरच्या पोटातून दबक्या आवाजात भजन ऐकू यायचं आणि रस्त्यानं जाणारं नवखं माणूस थबकून बघायचं. गल्लीतल्या लोकांना सवय होती. "आप्पा बसले जणू," म्हणायचे आणि पुढं जायचे.

बसले म्हणजे लिहायला बसले.

गोलाई या गोल बाजारपेठेच्या मागच्या अंगाला भांड्यांची पाचसहा दुकानं एका ओळीत होती. त्यातलं तिसरं आप्पांचं. पुढं दुकान, मागं त्यांचं राहतं घर आणि वर माझी एक खोली. मी मूळची भोकरची. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला आले होते. सामान म्हणजे एक बॅग, एक गॅसची शेगडी आणि पुस्तकांची दोन खोकी. पहिल्याच दिवशी खाली जाऊन दूध तापवायला एक पातेलं घेतलं. आप्पांनी भांड्यावर नाव कोरायचं मशीन हातात घेतलं.

"काय नाव घालू?"

"माझंच घाला."

"माहेरचं का सासरचं?"

"अजून एकच आहे."

ते मोठ्यानं हसले. त्यांचं सगळंच मोठ्यानं असायचं. जन्म भांड्यांच्या दणदणाटात गेल्यावर माणूस हळू कसा बोलणार? वय साठीच्या अलीकडंपलीकडं, उंची बेताची, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढऱ्या शर्टाच्या आत गळ्यातलं लिंग. नाव कोरता कोरता त्यांनी विचारलं, "कॉलेजातून आल्यावर काय करता मग?"

मी जरा लाजतच म्हटलं, "लिहायचं असतं. कथा. पण वेळच मिळत नाही हो."

मशीन बंद झालं. आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"मॅडम, येळ ही काय मिळायची वस्तू हाय का? चाळीस वर्सं झाले बाजारात बसून राहिलो. सगळं इकायला आलेलं बगितलं. येळ घेऊन कुणी आलेलं न्हाई अजून."

आणि पुन्हा मशीन सुरू केलं. मला राग आला. भांडी विकणाऱ्या माणसाला लिहिण्यातलं काय कळतं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी माझं कॉलेज अजून सुरू झालेलं नव्हतं, मी घरीच होते, तेव्हा कळलं.

सव्वाला पाच कमी असताना आप्पा तांब्याभर पाणी प्यायले. हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं. फोन कुकरात गेला. शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याला कुकरच्या खोक्याचा पुठ्ठा अडकवला. त्यावर जाड पेनानं लिहिलं होतं: "मालक हायत, पण न्हाईत. दोनला या." मग घागरींच्या उतरंडीमागं एक घंगाळ पालथं घालून त्यावर बसले, मांडीवर परात पालथी ठेवली, परातीवर शाळकरी पोरांची असते तसली दोनशेपानी वही उघडली आणि मान खाली घातली. दोन वाजता शेजारच्या शाळेची घंटा झाली, तशी वही मिटली. सुट्टीच्या दिवशी शाळा नसायची, तेव्हा आतून त्यांच्या पत्नी, अक्का, ताटावर उलथनं वाजवायच्या. त्या वाजवण्यात संताप स्पष्ट ऐकू यायचा.

घंटा झाली की आप्पा अर्ध्या वाक्यावर थांबत. मी म्हटलं, निदान वाक्य तरी पुरं करावं. तर म्हणाले, "पुरं केलं की ते झोपतंय. अर्धं ठिवलं की उद्या सव्वाला माझी वाट बगत बसतंय."

त्यांचं शिक्षण म्हणजे बी.ए.चं एक वर्ष. कॉलेजात असतानाच लग्न झालं, पुढं वडील गेले आणि गल्ल्यावर बसावं लागलं. छापून आलेली एक ओळसुद्धा नाही. मासिकं, संमेलनं, स्पर्धा यांतलं त्यांना काही ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही वाटत नव्हतं. एक कादंबरी मात्र ते चार वर्षं लिहीत होते. कशावर, म्हणून विचारलं तर एकच शब्द, "अव्वावर." म्हणजे आईवर.

त्यांची आई सीमेपलीकडची, कन्नड बोलणारी. लग्न होऊन लातूरला आली तेव्हा मराठीचं अक्षर येत नव्हतं. पुढं तोडकंमोडकं बोलू लागली, तर गिऱ्हाइकं हसायची. एकदा कुणी तरी भर दुकानात तिची नक्कल केली आणि त्या दिवसापासून ती परक्यासमोर बोलायचीच बंद झाली. दुपारी वडील जेवून घटकाभर पडायचे, तेव्हा गल्ल्यावर ती बसायची. गिऱ्हाइकाला बोटानं भांडं दाखवायची. एरवी रस्त्याकडं तोंड करून गप्प. आप्पा सांगायचे, "माझी आई आयुष्यभर दुपारच्या टायमाला मुकी होती, मॅडम. ती काय बोलली असती ते लिवून राहिलो." म्हणूनच वेळ दुपारची धरली होती.

रोज लिहून होतंच असं नाही. कित्येक रविवारी मी माडीच्या जिन्यातून बघायची, तर आप्पा नुसते बसलेले. वही उघडी, पेन टोपणात. तरी उठायचे नाहीत. मी विचारलं, सुचत नसेल तर कशाला बसायचं?

"दुकानात गिऱ्हाईक आलं न्हाई म्हणून आपण कुलूप लावून घरी जातो का? बसावं लागतंय. ते येईल तवा आपण हजर पायजे."

"पण मूड नको का, आप्पा?"

त्यांनी शर्टाच्या आतल्या लिंगावर हात ठेवला. "सकाळी लिंगपूजा करतो. तवा इचारतो का मी, आज मूड हाय का म्हणून?"

या हट्टापायी घरात रोज काही ना काही घडायचं. लातूरचं नळाचं पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा यायचं, आणि एका रविवारी ते नेमकं सव्वाला आलं. सगळी गल्ली हंडे-घागरी घेऊन धावली. अक्का एकट्या भरून भरून बेजार झाल्या. मी दोन हंडे उचलायला गेले, तर त्या शटरकडं तोंड करून ओरडल्या, "दुकान हंड्यांनी भरलंय, पन घरात हंडा उचलायला माणूस न्हाई!" दोन वाजता आप्पा बाहेर आले, तोवर नळ गेला होता.

आणि ती एप्रिलातली गोष्ट तर गल्लीत अजून सांगतात. कॉलेजला सुट्टी लागली होती. मी दुकानाशेजारच्या बोळात अक्कांबरोबर कुरडयांचा चीक हलवत बसले होते. अहमदपूरकडची एक पार्टी जीप भरून आली. मुलीच्या लग्नाची सगळी भांडी एकाच दुकानातून घ्यायची होती. एक वाजून वीस मिनिटं झालेली. मुलीचा बाप कमरेत वाकून शटरखालून हाक मारू लागला.

"ओ मालक! हाय का कुणी आत?"

"हाय. पन न्हाई. दोनला या."

"आवो, लग्नाची खरेदी हाय!"

"लगीन दोनच्या आत हाय का?"

बाहेर माणसं हसली, पण बाप हसला नाही. ते सगळे समोरच्या दुकानात गेले. समोरचा दुकानदार हात जोडून पायरीवर आला. अक्कांनी चिकात उलथनं तसंच रोवलं आणि पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. दोनला शटर वर गेलं.

"गेले का?" आप्पांनी विचारलं.

"गेले की. ते बगा, जीप भरून राहिले."

आप्पांनी वाकून पाहिलं. खोटं कशाला सांगू, चेहरा उतरला त्यांचा. पण आवाज चढाच होता. "हंडा त्याच्याबी दुकानात मिळतो. आज मी जे पान लिवलं, ते मिळतंय का त्याच्याकडं? जा, इचारून ये!"

"त्या पानाची भाजी करू का रातच्याला?" अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वाला शटर खाली आलंच.

माझं काय चाललं होतं? मी पहाटे पाचला उठत होते. थोर लेखक पहाटे लिहितात असं कुठं तरी ऐकलं होतं. गजर लावायचा, चहा करायचा, कागद पुढं घ्यायचा आणि कागदावर डोकं ठेवून झोपायचं. अकराला कॉलेजात गेलं की मुलांसमोर जांभया. महिनाभरानं एका कथेची तीन पानं झाली, तीही वाचवेनात. मी खाली जाऊन रडकुंडीला येऊन सांगितलं, "आप्पा, माझ्याच्यानं हे होत नाही."

"तुमाला पाचला उठा म्हणून कुणी सांगितलं?"

"मोठे लेखक उठतात."

"मोठ्या माणसाची चप्पल पायात घातली की आपली टाच सोलती. माझाबी टाइम घेऊ नका, तो माझा हाय. आठ दिवस निस्तं बगा, तुमचं डोस्कं कवा बोलाय लागतंय ते. लिवायचं न्हाई. निस्तं ध्यान ठिवायचं."

मी ध्यान ठेवलं. चौथ्या-पाचव्या दिवशी सापडलं. चारला कॉलेज सुटल्यावर मी चालत घरी यायची, आणि त्या वीस मिनिटांत डोक्यात वाक्यांवर वाक्यं जमायची. जिना चढून कुलूप काढलं, की समोर सकाळचं खरकटं, धुवायचे कपडे, भरायचं पाणी, आणि सगळी वाक्यं पळून जायची. म्हणजे घात दार उघडल्यावर होत होता. मग मी दार उघडणंच बंद केलं. कुलूप तसंच ठेवून वरच्या पायरीवर बसायची आणि पाच वाजेपर्यंत लिहायची. पहिल्या दिवशी अक्कांनी खालून विचारलं, "ताई, किल्ली हरवली का?" दुकानातून आप्पा ओरडले, "हरवली न्हाई, सापडली!"

त्या पायरीवर माझ्या पहिल्या पाच कथा झाल्या. दोन छापून आल्या. आप्पांनी मासिक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि "चांगलं हाय," म्हणून परत दिलं. "पुढची कवा?" एवढंच विचारलं.

तिसऱ्या वर्षी आप्पांची सहावी वही भरली आणि कादंबरी संपत आली. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. टाइप करून द्यायचं काम मी घेतलं. एका रविवारी दुपारी चारच्या सुमाराला मी मागच्या घरात लॅपटॉप घेऊन बसले होते. अक्का शेजारी सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. आप्पा पुढं दुकानात. एक प्रकरण पुरं झालं होतं आणि अक्षर नीट लागलंय का हे पाहायला मी ते मोठ्यानं वाचू लागले. कादंबरीतलं सगळ्यात दुःखाचं प्रकरण तेच.

"बापू जेवून लवंडत. अव्वा गल्ल्यावर बसे. तोंड रस्त्याकडं, डोळे कुठंच नाहीत. ओठ तेवढे हलत. नाल्कु. एंटु. नाल्कु. चार, आठ, चार. ती तांबे मोजत होती. तिची भाषा समजणारं त्या दुकानात तांब्यांशिवाय दुसरं कुणी नव्हतं."

वाचता वाचता मान वर केली. बघितलं तर अक्कांचे खांदे हलत होते. पदर तोंडात कोंबलेला. मला वाटलं, सासूच्या आठवणीनं रडतायत. मी थांबून त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी पदर काढला आणि खदाखदा हसू लागल्या. डाळ सुपाबाहेर सांडली तरी थांबेनात.

"मोजत न्हवत्या हो त्या," डोळे पुसत अक्का म्हणाल्या. "आमी खेळत होतो!"

"काय?"

"पट! गल्ल्याच्या मागं फरशीवर खडूनं पट आखलेला असायचा. त्या वर बसायच्या, मी खाली, परड्याच्या दारात, पडद्याआड. नवी सून, पुढं दिसायची सोय न्हवती. चार फोडलेले चिंचोके फासे म्हणून आन् बांगड्यांच्या काचा सोंगट्या. नाल्कु म्हंजे चार पडले, एंटु म्हंजे आठ. माझं माहेर भालकीकडचं, घरात कानडीच. अत्तीबाईंना, म्हंजे सासूबाईंना, लई वर्सांनी बोलायला कुणीतरी भेटलं होतं. लई लबाड होत्या. रस्त्याकडं तोंड गंभीर ठिवायच्या आन् पायाच्या अंगठ्यानं माझी सोंगटी सरकवायच्या!"

दारात आप्पा उभे होते. केव्हा आले कळलं नाही. हातात कुणाचा तरी नाव घालायचा तांब्या होता.

"मी कॉलेजातून येताना रोज बगत होतो," ते म्हणाले. आवाज कधी नव्हे इतका हळू. "तिचे डोळे भरलेले असायचे."

"हसू दाबून दाबून भरायचे."

"तू मला कवाच बोलली न्हाईस."

अक्कांचं हसू थांबलं. "तुमी मला कवा इचारलं? सात वर्सं शटर पाडून बसून राहिलात, अव्वा काय बोलली आसती म्हणून. मी भिताडाच्या पलीकडंच होते की."

आप्पांनी तांब्या जपून खाली ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सव्वाला शटर वरच राहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. फोन आप्पांच्या खिशात वाजू लागला आणि ते तो उचलू लागले. गल्ली घाबरली. समोरचा दुकानदार मुद्दाम रस्ता ओलांडून आला. "आप्पा, तब्येत बरी हाय ना?" आप्पा नुसतं "हाव" म्हणायचे. अक्का भाकरी थापताना माझ्याकडं बघायच्या आणि नजर वळवायच्या. मला रोज वाटायचं, आज वह्या फाडतील, उद्या फाडतील. मीच ते मोठ्यानं वाचलं नसतं तर, असंही वाटायचं.

शनिवारी मी पायरीवर लिहीत बसले होते, तेव्हा आप्पा जिना चढून आले आणि माझ्या खाली दोन पायऱ्या सोडून बसले. माझ्या लिहिण्याच्या वेळात त्यांनी येणं हे पहिल्यांदाच घडत होतं.

"सहा वह्या, मॅडम."

मुलांना वर्गात सांगते ते मी त्यांना सांगितलं. "आप्पा, कादंबरी आहे ती. सगळं तसंच घडलेलं असायला पाहिजे असं थोडंच आहे?"

"ते तुमच्या शिकवण्यातलं झालं. मी माझ्या आईला सात वर्सं रडवून राहिलो. आन् ती हसत होती. तिचं हसू कोन लिवणार?"

मी वही मिटून विचारलं, "मग आता काय करणार?"

त्यांनी मान वर करून पाहिलं, जसं काही मी वेड्यासारखा प्रश्न केला होता. "काय करणार म्हंजे? बसणार. आधी कुणापाशी बसावं ते कळत न्हवतं, आता कळालं."

रविवारी सव्वाला फोन कुकरात गेला, शटर अर्धं आलं. आप्पांनी घागरींमागं एकाऐवजी दोन घंगाळं पालथी घातली आणि आत हाक मारली, "ये गं, बस."

"आत्ता?" आतून अक्का म्हणाल्या. "तव्यावर भाकर हाय माझी. मला सव्वाचं जमायचं न्हाई. माझा येळ चारचा."

"चारला गिऱ्हाईक असतंय!"

"सव्वालाबी असतंयच की."

मी जिन्यात उभी होते. ज्या माणसानं लग्नाची जीप परत पाठवली, नळाचं पाणी जाऊ दिलं, तो आता काय म्हणतो? मग शटर खडखडत वर गेलं. आप्पांनी पुठ्ठा काढला, जाड पेन घेतला, 'दोनला' खोडून त्यावर 'पाचला' लिहिलं आणि पुठ्ठा चार वाजेपर्यंत गल्ल्यावर उपडा ठेवला.

त्या दिवशी चारला दोघं बसले. नव्या वहीच्या पहिल्या पानावर. जुन्या सहा वह्या त्यांनी फाडल्या नाहीत. फडक्यात बांधून माळ्यावरच्या एका डेगेत ठेवल्या. मी विचारलं तर म्हणाले, "ते लिवलं म्हणून तर ही हसली. न्हाईतर मला कवा कळालं असतं?"

पुढचे चार महिने मी तिथं होते. वर पायरीवर माझं लिहिणं, खाली त्यांचं. अक्का कानडीत सांगायच्या, आप्पा मराठीत लिहायचे आणि लिहिलेलं वाचून दाखवायचे. मग अक्कांचा आवाज यायचा, "असं न्हाई. खोडा." आप्पा वाद घालायचे. अक्का म्हणायच्या, "मी खेळत होते का तुमी?" की पेन कागदावर आडवा फिरल्याचा आवाज. एकदा म्हणाल्या, "मी यायच्या आधी त्या एकल्या दुपारी काय करत होत्या, ते मला ठाव न्हाई. ते रडायचं असंल तर असंल. ते तुमी लिवा. मी आल्यापासूनचं मी सांगन." आणि सुपारी कातरत बसल्या. आप्पा त्या दिवशी एकटेच बराच वेळ लिहीत होते.

मला नांदेडला कायम नोकरी लागली. लग्न झालं, विष्णुपुरीच्या बाजूला घर घेतलं, मुलगी झाली. आप्पांशी फोनवर बोलणं व्हायचं, अर्थात चार ते पाच सोडून. मग तेही कमी झालं. खरं कारण सांगते. ते फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, "काय लिवून राहिलात?" आणि मी काहीच लिहीत नव्हते. आधी बाळ लहान म्हणून, मग नोकरी म्हणून, मग सासऱ्यांचं दुखणं म्हणून. पाच वर्षं एक ओळ नाही.

गेल्या थंडीत पेपर तपासणीच्या कामाला लातूरला गेले, तेव्हा मन घट्ट करून गल्लीत शिरले. गल्ल्यावर अक्का बसल्या होत्या, डोळ्यांवर चष्मा, समोर एका गिऱ्हाइकाशी मराठीत कडकडून भाव करत. मला बघून उठल्या, गालावरून हात फिरवला आणि आत हाक दिली. आप्पा आले. वाळले होते, पण आवाज तोच. हातात पुस्तक. गावातल्याच छापखान्यात छापलेलं, जाडसर. वर दोन नावं, आधी अक्कांचं. शीर्षक अक्कांनीच ठेवलं होतं, आप्पांनी सुचवलेली सगळी खोडून. गल्लीतल्या बायका दुपारी जमून ते एकमेकींना वाचून दाखवतात म्हणे. पलीकडच्या गल्लीतली एक ऐंशीची म्हातारी काठी टेकत भांडायला आली होती. "मीबी खेळायला येत होते की! माझं नाव कामून न्हाई?" आता तिला पुढच्या आवृत्तीत घालायचं ठरलं आहे.

"आता काय चाललंय?" मी विचारलं.

"आता बापू," आप्पा म्हणाले. "दुपारी ते झोपत होते असं आमी सगळे समजत होतो. खरंच झोपत होते का, ते बगायचंय. दोन म्हातारे अजून जिते हायत त्यांच्या वळखीचे. एक निलंग्याला हाय. येत्या बस्तवारी एसटीनं जाऊन येतो."

मग तो प्रश्न आलाच. मी सगळी कारणं सांगितली. मुलगी, नोकरी, सासरे. शेवटी म्हटलं, "माझी ती चारची वेळच गेली हो आप्पा. ती आता परत यायची नाही."

आप्पा काही बोलणार होते. पण अक्कांनी गिऱ्हाइकाला पातेलं बांधून देता देता, माझ्याकडं न बघताच उत्तर दिलं.

"गेली तर गेली. दुसरी धरा."

एवढंच. पुन्हा त्या गिऱ्हाइकाकडं वळल्या.

नांदेडला परत आल्यावर मी आठ दिवस नुसतं ध्यान ठेवलं. घरात कुठंच काही सापडेना. पहाट नाही, दुपार नाही. नवव्या दिवशी लक्षात आलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा ते सात मुलीचा नाचाचा क्लास असतो. मी तिला सोडून, बाहेर बाकीच्या आयांबरोबर गप्पा मारत उभी राहायची. आता मी स्कूटी लिंबाच्या झाडाखाली लावते, सीटवर आडवी बसते आणि वही मांडीवर घेते. आतून घुंगरांचा आवाज येत असतो, ताल चुकला की बाईंचा ओरडाही येतो. पहिले तीन आठवडे काही झालं नाही. मी बसून राहिले. चौथ्या आठवड्यात भोकरच्या आमच्या शेजारणीचं एक वाक्य आठवलं आणि कथा सुरू झाली. आता अकरा पानं झाली आहेत.

परवा एका मुलीची आई जवळ येऊन उभी राहिली. "रोज काय एवढं लिहिता हो? चला की, समोर चहा घेऊ."

म्हटलं, "कथा लिहितेय. सात वाजेपर्यंत नाही येणार."

ती तोंड वाकडं करून गेली. मी पुढची ओळ लिहिली.